तीन पावसाळ्यांची पीएच.डी.: ऊर्जापिकं शेताबाहेर पळतात का, हे शोधायचं कसं

पेटचा (पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की मला दोन-चार फोन हमखास येतात. "मॅडम, बायोएनर्जी क्रॉप्सच्या आक्रमकतेवर पीएच.डी. करायचं म्हणतेय, विषय कसा आहे?" जळणासाठी, गॅससाठी लावलेली पिकं शेताबाहेर पसरून तण होतात का, हा तो विषय. चांगलाच आहे. पण माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तुझ्याकडे पावसाळे किती आहेत?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) खातं, शेवटचं लिखाण खातं. बी जूनमध्ये रुजतं आणि रोप जगलं की मेलं ते पुढच्या मेमध्ये कळतं. हातात उरतात तीन पावसाळे. आता झाडांचं घड्याळ बघा. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग भागात बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांच्या जुन्या नोंदी तपासून 1995 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे पसरलेल्या जातींना आणल्यापासून पसरायला लागेपर्यंत सरासरी 147 वर्षं लागली होती. 147 वर्षांचा प्रश्न तीन पावसाळ्यांत कसा पकडायचा, ही या विषयातली खरी मेख आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच.

मुळात भानगड काय आहे

कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, जळणासाठी किंवा गॅससाठी पीक कसं हवं? भराभर वाढणारं, खत-पाणी न मागणारं, कीड न लागणारं, एकदा लावलं की पाच-दहा वर्षं चालणारं, कापलं की पुन्हा फुटणारं. मग त्यांनाच विचारा, नको असलेलं तण कसं असतं? तीच यादी पुन्हा ऐकायला मिळेल. 2006 साली 'सायन्स' नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला आणि तिथून हा विषय वेगाने वाढला. 2009 मध्ये हवाईतला एक अभ्यास आला. तिथे जैवइंधनासाठी सुचवलेल्या जाती इतर आणलेल्या जातींपेक्षा रानात स्थिरावण्याची किंवा आक्रमक होण्याची शक्यता दोन ते चार पट जास्त निघाली.

आपल्याकडची उदाहरणं लांब शोधायला नकोत. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात लावलेल्या वेड्या बाभळीने गवत गिळलं. आज तिचा कोळसा होतो आणि तमिळनाडूत तिच्या लाकडावर वीजही तयार होते, म्हणून तिला उपटायचं की पोसायचं यावर भांडणं आहेत. मोगली एरंडाची गोष्ट उलटी. 2003 च्या सुमाराला बायोडिझेलच्या मोठ्या सरकारी स्वप्नात तो नायक होता, पण उत्पादनच आलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने मात्र 2006 मध्ये त्याच्यावर बंदीच घातली होती. पीक म्हणून फसलेलं झाड तण म्हणून यशस्वी होऊ शकतं, हे सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा.

जात निवडताना

"बायोएनर्जी क्रॉप्स" असा सगळा ढीग घेऊ नका. एकच जात घ्या, फार तर दोन. महाराष्ट्रात आज पर्याय चार आहेत: नेपियर गवत (सीबीजी म्हणजे दाबलेल्या बायोगॅसच्या प्रकल्पांमुळे एजंट गावोगाव फिरताहेत), बांबू, गोड ज्वारी आणि सुबाभूळ. गोड ज्वारीपासून इथेनॉल करण्यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकापासून काम झालं आहे, त्यामुळे वाचायला भरपूर आहे. तिथे प्रश्न ज्वारी स्वतः पळेल का असा नसून जॉन्सन ग्रास या तिच्या तणभावंडाशी तिचा संकर होईल का, असा आहे. हा जनुकांचा अभ्यास आहे. लॅब चांगली असेल तरच त्याच्या वाटेला जा.

मी सुबाभूळ घेतलं होतं आणि आजही नवख्यांना तेच सुचवते. कारण अगदी व्यवहारी आहे. ते मध्य अमेरिकेतून आलेलं, जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक जातींच्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असलेलं झाड आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने आणि पुढे सामाजिक वनीकरणाने ते चाऱ्यासाठी नि जळणासाठी राज्यभर लावलं. म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या लागवडी आयत्या उभ्या आहेत. याचा फायदा पुढे सांगते.

नुसतं 'नेपियर' लिहू नका, वाण लिहा

नवख्यांच्या सिनॉप्सिसमध्ये हमखास दिसणारी चूक ही. बाजारात नेपियर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा बाजरी आणि हत्ती गवताचा संकर असतं. राहुरीचं फुले जयवंत त्यातलंच. या संकरात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि लागवड कांड्यांनी किंवा ठोंबांनीच होते. मूळ हत्ती गवत वेगळं. फ्लोरिडात ते तण म्हणून कुख्यात आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये त्याला आणि अरुंडो या बोरूसारख्या उंच गवताला इंधनासाठी मान्यता दिली, ती पसरण्याचा धोका आटोक्यात ठेवण्याची योजना द्यायच्या अटीवर. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवलात तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरचे परीक्षक तिथेच धरतील.

पण वांझ म्हणजे निर्धोक असंही समजू नका. कॅलिफोर्नियात अरुंडोला रुजणारं बी धरत नाही. तरी पुरात तुटलेले त्याचे तुकडे वाहत जाऊन नद्यांचे काठच्या काठ त्याने व्यापले. उलट अमेरिकेत आणि युरोपात लावलं जाणारं जायंट मिस्कँथस हेही तीन संचांचं वांझ गवत आहे आणि त्याचा धोका कमी धरला जातो. त्याची गड्ड्यासारखी खोडं जमिनीतून सरकतात खरी, पण हळूहळू. दोन्ही वांझ, दोन्ही उंच, तरी वागणं वेगळं. म्हणून "पसरायची वाट कोणती?" हा प्रश्न "बी येतं का?" याच्या आधी विचारा.

शब्द पक्के करा

'आक्रमक' हा शब्द वर्तमानपत्रात कसाही चालतो, प्रबंधात चालत नाही. 2000 साली मांडलेली एक व्याख्या आजही बहुतेक जण वापरतात. लागवडीबाहेर उगवतं, पण आपल्या बळावर टिकत नाही, ते आगंतुक. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते स्थिरावलेलं. आणि मूळ झाडांपासून लांबवर पसरतं ते आक्रमक. लांबवर म्हणजे किती? बियांनी पसरणारं असेल तर 50 वर्षांच्या आत 100 मीटरच्या पलीकडे. मुळा-खोडांनी पसरणारं असेल तर 3 वर्षांत 6 मीटरच्या पलीकडे. ही व्याख्या मला आवडते, कारण ती टेपने मोजता येते.

पहिल्या पावसाळ्याच्या आधीची कामं

कोर्सवर्क चालू असतानाच शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) बसा आणि आपल्या जातीवरचे जुने प्रबंध उतरवून घ्या. सुबाभळीवर चाऱ्याच्या अंगाने बरंच काम आहे. त्यातले बियांचे आकडे फुकट मिळतात.

मग तणधोका चाचणी भरा. ऑस्ट्रेलियाने नव्वदच्या दशकात बनवलेली 49 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. जात दुसरीकडे तण झाली आहे का, बी किती वर्षं टिकतं, तोडल्यावर फुटते का, असे प्रश्न असतात. बेरीज 1 च्या खाली आली तर आणायला हरकत नाही, 6 च्या वर गेली तर नाकारा, मधली असेल तर आणखी तपासा. याला आठवडाभर पुरतो आणि आपल्याला काय माहीत नाही ते त्यातून लख्ख दिसतं. ज्या प्रश्नांपुढे तुम्हाला रकाना कोरा सोडावा लागला, तिथे तुमच्या प्रबंधाची प्रकरणं आहेत.

फक्त त्या बेरजेवर प्रबंध उभा करू नका. ही चाचणी खऱ्या तणांपैकी 90 टक्के पकडते आणि निरुपद्रवींपैकी 70 टक्क्यांना बरोबर सोडते, असं धरा. ऐकायला झकास वाटतं. आता समजा 1,000 जाती तपासल्या आणि त्यातल्या खऱ्या तण होणाऱ्या 10 च आहेत. चाचणीने त्यातल्या 9 पकडल्या. पण उरलेल्या 990 पैकी 297 निरपराधही अडकल्या. अडकलेल्या 306 मध्ये गुन्हेगार 9. हा हिशोब ज्याला तोंडपाठ आहे त्याला आरएसीत (संशोधन सल्लागार समितीत) कुणी अडवत नाही. ऊर्जापिकांच्या बाबतीत गुन्हेगारांचं प्रमाण मुळातच जास्त असू शकतं, हा त्यावरचा प्रतिवादही तयार ठेवा.

परवानग्यांचे अर्ज आजच करा. वनजमिनीवर प्लॉट टाकायचा तर वनविभागाची परवानगी, अभयारण्यात असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची. परदेशी सहकारी असेल तर 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या प्राधिकरणाकडे जावं लागतं. बाहेरून बी मागवायचं असेल तर संशोधनासाठीचा आयात परवाना दिल्लीच्या एनबीपीजीआर या वनस्पती जनुकसंपदा संस्थेकडून. यातलं काहीही महिन्याभरात होत नाही. माझा एक अर्ज एका टेबलावर इतका पडून राहिला की तोवर त्या जागेवरच्या शेंगा फुटून गेल्या. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ ही संशोधनवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. ती नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आणि एक पथ्य: ज्या तालुक्यात तुमची जात नाही तिथे प्रयोगासाठी तिचं रुजणारं बी नेऊ नका. कुंडीतला प्रयोग संपला की झाडं शेंगा धरण्याआधी कापा. उरलेलं बी जाळा.

काळ विकत घेण्याची युक्ती

147 वर्षं थांबता येत नाही, पण वेगवेगळ्या वेळी लावलेल्या जागा शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. दहा वर्षांची, वीस वर्षांची, चाळीस वर्षांची लागवड. प्रत्येकीच्या कडेपासून बाहेर टेप टाकायची आणि सर्वांत लांबचं आपोआप उगवलेलं झाड किती मीटरवर आहे ते नोंदवायचं. लागवडीचं वर्ष शोधणं हेच अवघड काम. वनविभागाची जुनी रजिस्टरं, ग्रामपंचायतीचे ठराव आणि गावातली सत्तरीची माणसं, तिन्हींकडे जा. कागद आणि आजोबा यांच्यात मतभेद झाले तर दोन्ही नोंदवा.

वनस्पतिसंग्रहांतल्या वाळवलेल्या नमुन्यांवर तारीख आणि गाव असतं. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संस्था, मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ अशी फेरी मारा. नमुना नसणं म्हणजे झाड नसणं असं मात्र नाही. लावलेली झाडं गोळा करायचा वनस्पतिशास्त्रज्ञांना कंटाळा असतो.

जागा निवडताना एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. एका लागवडीत मोजणीचे 30 चौकोन टाकलेत तरी तुमच्याकडे लागवड एकच आहे. नमुनासंख्या 30 नाही, 1. दहा लागवडींत तीन-तीन चौकोन टाका. पायपीट वाढेल, पण आकडेवारी खरी होईल.

पावसाळा सुरू: काय मोजायचं

सुबाभळीची शेंग वितभर, चपटी, वाळली की तपकिरी होते आणि वाऱ्यावर खुळखुळते. बी चपटं, चकचकीत, तपकिरी. एका किलोत साधारण 15 ते 20 हजार. कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही, त्यामुळे जमिनीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं. लॅबमध्ये रुजवायचं तर बियाची एक कड नेलकटरने हलकेच तासा, किंवा 80 अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा. न तासलेल्या बियांचीही एक रांग लावा, कारण निसर्गात नेलकटर घेऊन कुणी बसलेलं नसतं. बियांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ती भुंगेऱ्यांची. ती बी 'धड' म्हणून मोजू नका.

बियांचा पाऊस मोजायला कापडाच्या जाळ्या झाडाखाली आणि झाडापासून दूर टांगा. जमिनीतली बियांची पेढी, म्हणजे साठा, मोजायला वरच्या 5 सेंटिमीटर मातीचा ठरावीक आकाराचा गोळा काढा आणि 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. सुबाभळीचं बी त्यातून पडत नाही. मिळालेलं बी कापून आतला गर पांढरा-टणक आहे का पाहा.

आता रोपं. माझ्या पहिल्या जुलैत एका कालव्याच्या कडेच्या लागवडीत मी एक मीटरचा चौकोन टाकला आणि हरखून गेले. मेथीच्या वाफ्यासारखी रोपं. गुडघे टेकून मोजताना अख्खी सकाळ गेली. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "प्रचंड आक्रमक!" तिथेच शेळ्या राखणारी एक मावशी रोज बघायची. एक दिवस म्हणाली, "पोरी, हितलं काय मोजतीस? ह्यातलं एक ऱ्हानार न्हाई. सावलीत वाळतंय, ऱ्हायलंच तर माझ्या शेरड्या सोडत न्हाईत. तिकडं फरशीत बघ." मी काही तेव्हा पाहिलं नाही. पुढच्या मेमध्ये माझ्या चौकोनात शून्य. आणि चाळीस पावलांवर, कालव्याच्या अस्तराला गेलेल्या तड्यात, कमरेएवढी तीन झाडं उभी. ओल होती, ऊन होतं, आणि उतारामुळे शेळी पोचत नव्हती.

त्या तीन झाडांनी माझा सिनॉप्सिस बदलला. तुम्ही पहिल्याच वर्षी बदला. चौकोन झाडाखालीच न टाकता पाण्याच्या कडेला, रस्त्याच्या खाचेत, पडीक रानात, चराईच्या आणि कुंपण घातलेल्या जागेत टाका. प्रत्येक रोपाला नंबर द्या आणि जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, मे अशा चार वेळा जाऊन जिवंत की मेलेलं ते लिहा. मेची फेरी चुकवू नका. लग्नसराई असते, ऊन असतं, गाईडही म्हणतील आता काय बघायचंय. तीच फेरी सर्वांत मोलाची.

चमकणारे ॲल्युमिनियमचे टॅग लावू नका, पोरं काढून नेतात. माझे 200 पैकी दिवाळीपर्यंत निम्मे गेले होते. चौकोनाला कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोका. मोजताना दोरीची जाळी ताणा आणि प्रत्येक रोपाची जागा आलेख कागदावर मांडा. रोप कुणी खाल्लं तरी कागदावरची जागा कुणी खात नाही.

आकड्यांचं काय करायचं

समजा, एका झाडाच्या वर्षाला 2,000 धड बिया पडल्या. शंभरातल्या 5 रुजल्या: 100 रोपं. त्यातल्या शंभरी 2 रोपांनी पहिला उन्हाळा काढला: 2. या साखळीत रुजण्याचं प्रमाण एका जागेहून दुसऱ्या जागेत थोडंफार हलेल. पण ओल मिळाली तर उन्हाळ्यातलं जगणं 2 चं 20 होऊ शकतं, आणि मग त्याच झाडाची 20 पोरं उभी राहतात. कोणती कडी हलवली की वाढीचा दर सर्वांत जास्त हलतो, हे बी, रोप, झाड अशा अवस्थांच्या मॅट्रिक्स मॉडेलमधून नेमकं काढता येतं. आर या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीत त्यासाठी तयार पॅकेजेस आहेत. दर 1 च्या वर असेल तर संख्या वाढतेय, खाली असेल तर घटतेय. तुमचा खरा निष्कर्ष मात्र "दर कुठे 1 ओलांडतो" हा आहे. लागवडीच्या सावलीत नाही, कालव्याच्या कडेला हो, असं उत्तर आलं तर ती पीएच.डी. झाली.

नकाशाचं मॉडेल, म्हणजे हवामानावरून जात कुठे वाढू शकेल ते रंगवणं, हल्ली प्रत्येकाला हवं असतं. दोन दिवसांत सुंदर लाल-पिवळा नकाशा निघतो. एक प्रकरण जरूर करा, पण त्यात लावलेल्या झाडांच्या नोंदी आणि आपोआप उगवलेल्यांच्या नोंदी वेगळ्या करा. नाहीतर तुम्ही सामाजिक वनीकरणाचा नकाशा काढून त्याला आक्रमणाचा नकाशा म्हणाल.

लिहिताना आणि सोडून येताना

शेवटचं प्रकरण "धोका जास्त आहे" एवढ्यावर थांबवू नका. ज्याला पेलेट (जळणाच्या दाबलेल्या गोळ्या) किंवा गॅससाठी लागवड करायची आहे त्याला लागतात ती उत्तरं द्या: पाण्यापासून किती मीटर सोडायचं, शेंगा पिकण्याआधी कोणत्या महिन्यात कापायचं, कडेला चराई ठेवली तर किती फरक पडतो, वांझ वाण उपलब्ध आहे का. हवाईत सुबाभळीचा बी न धरणारा केएक्स4 हा संकर तयार झाला आहे. तो इथे आणावा का, हा तुमच्या नंतरच्या कुणाचा तरी विषय होऊ शकतो.

हे उत्तर मराठीत दोन पानांत लिहा आणि ज्यांच्या बांधावर बसून डबा खाल्लात त्यांना नेऊन द्या. मी नेलं तेव्हा मावशीला वाचता येत नव्हतं, तिच्या नातवाने वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवून विचारलं, "फरशीतल्या तिघांचं ल्हिलंय का?"

काम संपलं की खुंट्या उपटू नका. त्यांचे जीपीएसचे आकडे, लागवडीचं वर्ष आणि रोपांचे हाताने काढलेले नकाशे परिशिष्टात टाका, म्हणजे शोधगंगेवर ते कुणालाही सापडतील. माझ्या 30 चौकोनांपैकी गेल्या मेमध्ये 22 च्या खुंट्या जागेवर होत्या. तड्यातल्या तिघांपैकी दोघांना शेंगा लागल्या आहेत.